येण्याजाण्याचे वेगळे पडतील

सकाळी सव्वादहा वाजता भोपळ्याने व्यायामवाल्या बाईंच्या डाव्या हाताचा चावा घेतला. मनगटाच्या वर, दोन दात खोल आणि एक लांब ओरखडा. बंगल्याचे पुढचे दार उघडे होते, घंटा नुकतीच वाजली होती आणि कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नव्हता. घरमालकानेच तो काढून ठेवला होता.

मी त्या वेळी तिथे नव्हते. पण त्या कुत्र्याला दोन महिने शहाणे करणारा खाऊ माझ्याच पोटातून गेला होता, म्हणून ही हकिगत सांगायचा अधिकार माझ्याकडे येतो. मित्रांनो, मी एक जुनी खाऊची पिशवी आहे. कुत्र्यांना शिकवणाऱ्या एका बाईच्या कमरेला मी लटकते. नाक मुरडलेत ना? खुशाल मुरडा. माझ्या पोटात आजवर उकडलेली कलेजी, वाळकी मासळी आणि घाम फुटलेले चीज भरले गेले. एकदा ऐन उन्हाळ्यात मी स्कूटरच्या डिकीत विसरले गेले आणि माझ्यात अळ्या झाल्या. अळ्यांची मला किळस आली नाही. भूक होती म्हणून त्या आल्या, पोट भरले तशा गेल्या. किळस कशाची आली ते पुढे सांगते.

माझा जन्म गाड्यांच्या सीटची कव्हरे शिवणाऱ्या एका दुकानात झाला. दुकान ताईच्या मावशीचे. ताई म्हणजे माझी मालकीण. सगळी गिऱ्हाइके तिला ताईच म्हणतात, म्हणून मीही म्हणते. बाहेरून काळे रेक्झिन, आतून मोडक्या छत्रीचे कापड, मागे पट्टा ओवायला दोन फासे. शिवताना मावशीच्या ओठांत टाचण्या होत्या, तरी तोंड बंद नव्हते.

"सगळ्यांच्या पोरी शाळेत शिकवतात. आमची कुत्र्यांना शिकवणार!"

"मावशी, कुत्री निदान मास्तरांना टोपणनावं तरी ठेवत नाहीत."

"कुत्री नाही ठेवत. त्यांचे आईबाप ठेवतील. आणि ते चावले तर काय करशील?"

मावशीने हे थट्टेत म्हटले आणि दोरा दाताने तोडला.

सुरुवातीला माझ्या तोंडाला टिचबटण होते. ते उघडताना टक् असा आवाज व्हायचा, आणि पहिल्याच आठवड्यात एक कुत्रा ताईला सोडून माझ्या बटणाचे ऐकू लागला. टक् झाले की बसायचा, नाही झाले की ताईकडे पाठ. मग मावशीने बटण उसवले, जुन्या पोलादी मोजपट्टीचे दोन तुकडे कापले आणि माझ्या ओठांत घातले. दोन्ही बाजूंनी दाबले की मी आ करते, सोडले की मिटते. ज्या बाईच्या ओठांत मोजपट्टी आहे तिने पदरचे काही घालून बोलू नये, असे मी तेव्हाच ठरवले.

कामाची पहिली वर्षे बरी गेली. शहरातल्या किती घरांच्या उंबरठ्यावर मी उभी राहिले ते सांगत बसत नाही. एवढे सांगते की बहुतेक घरांत आम्हाला चपलांच्या कपाटाशी थांबवायचे, मग स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवायचे. सोफ्यावर नाही, कारण मला वास येतो. सोफ्यावर कुत्रा असायचा. तरीही पोरेटोरे माझ्याभोवती जमायची, मला 'जादूची पिशवी' म्हणायची. अंगावर उड्या मारणारे धटिंगण माझ्याकडे पाहून जमिनीला पोट लावायचे. पाहुण्याच्या चपला पळवणारी एक म्हातारी कुत्री चपला परत आणून द्यायला शिकली, तेव्हा त्या घरच्या बाईने ताईचा हात हातात घेतला होता. कौतुक झाले नाही असे मी म्हणणार नाही.

नव्या गिऱ्हाइकाचा एक प्रश्न ठरलेला असे. "ताई, आम्हीच कुत्रा तुमच्याकडे आणला तर?"

ताईचे उत्तरही ठरलेले होते. "कुत्रा जिथे शिकतो तिथलंच शिकतो. माणसाचं पोर घरात पाढा शिकलं की गच्चीवरही म्हणतं. कुत्र्याचं तसं नसतं. तुमच्या फरशीवर 'बस' शिकलेला कुत्रा अंगणातल्या गवतावर असा बघेल, जणू तुम्ही भलत्याच भाषेत बोलताय. दार बदललं की त्याला धडा नवा. तुमच्या दाराचा त्रास असेल तर मला तुमच्याच दारात यायला हवं."

म्हणून ताई जायची. पावसात, उन्हात, पंक्चर झालेली स्कूटर ढकलत. आणि जाण्याचे पैसे मागायची नाही. मागायची लाज वाटायची. ती लाज मी तिच्या कमरेवर राहून रोज सोसली आहे. पैशाचे बोलायची वेळ आली की तिचा हात आपोआप माझ्यावर यायचा आणि ती मला उगाच दाबत राहायची.

ताईचा नवरा विजेची कामे करतो. त्याला हे बघवत नसे.

"मी दारात पाऊल ठेवलं की माझे व्हिजिटचे पैसे झाले," तो एकदा जेवताना म्हणाला. मी दाराबाहेरच्या खिळ्यावर होते, पण कान आत होते. "नुसता सैल बल्ब पिळून बसवला तरी. कोणी तोंड वाकडं करत नाही. आणि तू? अर्धा दिवस स्कूटरवर आणि तासभर कुत्र्यापाशी."

"लोकांना वाटतं, मला कुत्री आवडतात म्हणून मी येते."

"मला काय वायरी आवडत नाहीत?"

ताई हसली, पण दुसऱ्या दिवसापासून तिने नियम केला. नदीच्या पुलाच्या अलीकडे काही नाही. पुलापलीकडे दर खेपेला येण्याजाण्याचे वेगळे पडतील. फोनवर पहिल्याच बोलण्यात हे सांगायचे, दारात पोहोचल्यावर नाही. नियम साधा होता, सरळ होता. आणि मित्रांनो, त्या दिवसापासून मला माणसांचा वास येऊ लागला.

"अहो, तुम्ही रोज इकडूनच तर जाता." हे बोलणाऱ्या माणसाने ताईला त्याआधी कधी पाहिलेही नव्हते.

"कुत्रा शिकवायचे घेता ना? मग यायचे कसले? आला नाहीत तर शिकवणार कशा?"

एका गृहस्थांनी क्लास संपल्यावर येण्याजाण्याऐवजी अर्धी वापरलेली शांपूची बाटली पुढे केली. कुत्र्याला चालत नाही म्हणाले, अंगावर पुरळ येतो, तुम्हाला चालेल. त्यांच्या कुत्र्याच्या गादीला वेगळा पंखा होता. एका बाईंनी तर डोळ्यांत पाणी आणून विचारले, "ताई, मुक्या जनावराचे पैसे करता?" मुके जनावर शेजारीच बसून माझ्याकडे बघत लाळ गाळत होते. त्या लाळेत मला काही वावगे वाटले नाही.

मग कुत्रेवाल्यांच्या फोनवरच्या कोंडाळ्यात कोणीतरी ताईला नाव ठेवले. 'टॅक्सीबाई'. मीटर टाकून येते म्हणे. मावशीचे बोल खरे झाले. पुलापलीकडची दोन कामे त्या महिन्यात गेली आणि पुलाअलीकडचेही लोक आधीच विचारू लागले, "आम्हाला काही लागणार नाही ना हो, टॅक्सीबाई?" आणि वर हसायचे. ताईही त्यांच्याबरोबर हसायची. त्या हसण्याचा मला वीट आला.

अशा दिवसांत वहिनींचा फोन आला.

वहिनी राहायच्या पुलाच्या पार पलीकडे, नव्या बंगल्यांच्या वसाहतीत. त्यांचे यजमान सगळ्या वसाहतीत 'साहेब' म्हणून ओळखले जात. साहेबांचे वडील नाना खुब्याचे हाड मोडून पुढच्या खोलीत पलंगावर होते. भोपळा नानांचा. पाडलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यातून नानांनी त्याला शर्टात घालून आणला होता. पिवळट, गोल डोक्याचा, म्हणून भोपळा. नाना पडल्यापासून तो त्यांच्या पलंगाखाली ठिय्या मारून असे आणि पुढच्या दाराची घंटा वाजली की बाणासारखा सुटे. रोज सकाळी नानांना चालवायला, त्यांचा पाय वाकवायला एक बाई येत. घरात सगळे त्यांना व्यायामवाल्या बाई म्हणत. भोपळ्याचा हिशेब सरळ होता. ही बाई येते, नाना कळवळतात, म्हणजे ही बाई येता कामा नये. त्या आल्या की त्याला बाथरूममध्ये कोंडत. तो दार खरवडून नखांतून रक्त काढी. शेवटी बाईंनी सांगितले, एक तर कुत्र्याला वळण लावा, नाही तर दुसरी बघा. दुसरी मिळत नव्हती. आणि नानांनी सांगितले होते, कुत्रा घराबाहेर गेला तर व्यायाम बंद.

आम्ही पाहणीला गेलो. भोपळा पहिल्यांदा ताईवर धावून आला, मग माझा वास आला तसा थबकला. ताई दाराच्या पायरीवर बसून राहिली, त्याच्याकडे न बघता, बराच वेळ. शेवटी त्याने येऊन माझ्या पोटात नाक खुपसले. पलंगावरून नाना ओरडले, "जमलं! लबाडाला जमलं!"

"होईल," ताई म्हणाली. "वाईट कुत्रा नाही. घाबरट आहे आणि नानांवर जीव आहे त्याचा. घंटा वाजली की दाराकडे जायचं नाही, पलंगापाशी आपल्या चटईवर जाऊन बसायचं, एवढं शिकवू. पण इथेच, याच दारात. आणि येण्याजाण्याचे वेगळे पडतील. फोनवर बोलले होते मी वहिनींशी."

साहेब तोवर फोन बघत होते. आता त्यांनी मान वर केली.

"शिकवायचं जे असेल ते द्यायला मी एका पायावर तयार आहे. पण रस्त्याचे पैसे? रस्ता काय तुम्ही बांधलाय?"

"नाही. पण रस्त्यावर वेळ माझा जातो."

"अहो, सगळ्यांचाच जातो. प्रश्न पैशाचा नाहीये, ताई. तत्त्वाचा आहे."

मित्रांनो, तुम्ही लहान आहात, म्हणून सांगून ठेवते. कोणी मोठा माणूस पैशाच्या बोलण्यात तत्त्व काढू लागला की समजावे, तो आता चांगलीच घासाघीस करणार.

तोडगा साहेबांनीच काढला, आणि काढताना त्यांचा चेहरा गड जिंकल्यासारखा फुलला. त्यांची मेहुणी पुलाच्या अलीकडे फ्लॅटमध्ये राहायची. तिच्याकडे बटण नावाचे एक चिमुरडे कुत्रे होते आणि त्याला शिकवायला ताई दर आठवड्याला जात होतीच. "आम्ही भोपळ्याला तिथे घेऊन येतो," साहेब म्हणाले. "तुम्ही तिथे येताच. म्हणजे येण्याजाण्याचं काही पडतच नाही. बोला!"

"पण भोपळ्याचं दार हे आहे," ताई म्हणाली. "तुमच्या मेहुणीच्या दारात कोण येतं-जातं याच्याशी त्याला काय घेणं? तिथे तो तसाही गप्प बसेल."

"कुत्रा तोच, ताई. दार कुठलं का असेना. अक्कल शिकवायची ती कुत्र्याला, दाराला नाही."

वहिनी हसल्या. ताईचा हात माझ्यावर आला. तिने मला दाबले, सोडले, दाबले. मी आ केला आणि मिटला. महिना कोरडा होता, आणि टॅक्सीबाई हे नाव त्या घरापर्यंत पोहोचलेले असणार याची तिला खात्री होती.

"बरं," ती म्हणाली. "करून बघू."

साहेबांचा तिटकारा तर मला आलाच होता. पण त्या 'बरं'ने पहिल्यांदा ताईचाही आला. चुकीचे आहे हे तिला पुरते ठाऊक होते.

मग दर आठवड्याला भोपळा मोठ्या गाडीतून मेहुणीच्या फ्लॅटवर येऊ लागला. गाडी एवढी मोठी की सोसायटीच्या गेटातून आत येताना वॉचमनला खुर्ची उचलावी लागे. साहेब स्वतः घेऊन येत. वर येत नसत. कुत्रा शिकून खाली येईपर्यंत गाडी सुरूच ठेवत, आत थंडावा राहावा म्हणून. मेहुणी फटकळ होती. एकदा गॅलरीतून वाकून ती खाली ओरडली, "भाऊजी, ताईच्या येण्याजाण्यापेक्षा जास्त तुमची गाडी उभ्या उभ्याच पिऊन टाकते!"

"तत्त्व, तत्त्व!" खालून उत्तर आले.

आणि वर भोपळा अगदी गुणाचा पुतळा. घंटा वाजली की तुरुतुरु चटईवर जायचा, पुढचे पाय जोडून बसायचा आणि माझ्याकडे बघायचा. पाणीवाला आला, इस्त्रीवाला आला, शेजारीण आली. हा जागचा हलला नाही. बटण भुंकून भुंकून बेजार, आणि हा त्याच्याकडे वडीलधाऱ्यासारखा बघतोय. त्याला काय पडले होते? ते घर त्याचे नव्हते, तिथे नाना नव्हते, कोणी कळवळत नव्हते. तो खाऊसाठी आला होता, खाऊन जात होता. माझी कलेजी फुकट जात होती. मी हे ताईच्या तोंडूनही ऐकले आहे. जिना उतरताना ती स्वतःशीच बोलायची, "फुकट आहे हे सगळं. फुकट."

शेवटच्या दिवशी साहेब वर आले. त्यांनी व्हिडिओ काढला. घंटा, चटई, बसलेला भोपळा. तिथल्या तिथे सगळ्यांना पाठवला. खाली काय लिहिले ते त्यांनी मोठ्याने वाचूनही दाखवले: 'डोकं वापरलं की रस्त्याचे पैसे वाचतात.'

ताई म्हणाली, "साहेब, घरचा धडा अजून झालेला नाही. घरी घंटा वाजेल तेव्हा पट्टा हवाच. मी एकदा तिथे येऊन बघितल्याशिवाय त्याला मोकळा सोडू नका."

"हो, हो." साहेब फोनमध्ये बघत होते. कोणीतरी व्हिडिओवर टाळ्या पाठवल्या होत्या.

तिने दारात पुन्हा सांगितले. वहिनींना फोन करूनही सांगितले. वहिनी म्हणाल्या, "अगं, किती काळजी करतेस! शिकलाय तो आता."

चार दिवसांनी सव्वादहाला जे झाले ते मी सुरुवातीला सांगितले आहे.

फोन आला तेव्हा ताईने मला धुवून दोरीवर टाकले होते. वर्षातून दोनदा मला हे सुख मिळते. तिने मला तशीच ओली, रिकामी कमरेला बांधली आणि स्कूटरला किक मारली. त्या खेपेचे कोणी देणार नव्हते, आणि मागावे असे तिच्या मनातही आले नसेल.

बंगल्याच्या पुढच्या खोलीत सगळे जमले होते. वहिनींनी व्यायामवाल्या बाईंना डॉक्टरकडे नेऊन आणले होते. जखम धुतली होती, इंजेक्शन झाले होते, हाताला पांढरी पट्टी होती. भोपळ्याला मागे गाडीच्या शेडमध्ये बांधले होते आणि तो हुंदका दिल्यासारखा अडकत अडकत रडत होता. नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"या," साहेब म्हणाले. "बघा तुमच्या शिकवणीचा प्रताप." त्यांनी फोन तिच्या डोळ्यांसमोर धरला. "हा बघा. यात हाच कुत्रा आहे ना?"

"कुत्रा हाच आहे. दार हे नाही."

"परत तेच! अहो, मी पैसे कशाचे मोजले?"

"मोकळा सोडू नका म्हणून सांगितलं होतं मी. तुम्हालाही आणि वहिनींनाही."

"तुम्ही नुसतं सांगितलंत हो," वहिनी म्हणाल्या. "ठणकावून सांगायला हवं होतं."

चोराच्या उलट्या बोंबा ऐकून होते. एवढ्या जवळून पहिल्यांदाच ऐकल्या. माझ्या ओल्या अंगाला शेवाळ धरावे तशी किळस धरली.

व्यायामवाल्या बाई पट्टीकडे बघत म्हणाल्या, "मी दाराबाहेरच थांबले होते. साहेब म्हणाले, या बिनधास्त, आता माणसात आलाय तो. मी एक पाय आत टाकला."

मग साहेबांनीच विषय संपवला. "हे बघा, आता चर्चा नको. उद्या गाडीत घालतो आणि लांब कुठेतरी नेऊन सोडतो. परत येणार नाही इतका लांब."

पुलाच्या अलीकडून पलीकडे एक बाई यायची तर ज्याला रस्ता जड झाला होता, त्याला कुत्रा टाकून यायला कितीही लांबचा रस्ता चालणार होता. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला याहून घाण वास आलेला नाही.

भिंतीकडे तोंड केलेले नाना बोलले. "मग मलाही घाल गाडीत. मागची सीट मोठी आहे तुझी. दोघं मावू."

"नाना, तुम्ही मध्ये पडू नका."

"पडलोच आहे मी. मला उठवणाऱ्या बाईला तूच कुत्रा चाववलास."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. ताई पायरीवर बसली, जिथे ती पहिल्या दिवशी बसली होती. "अजून हातातून गेलेला नाही तो," ती म्हणाली. "मला इथे शिकवू द्या. याच दारात, याच घंटेवर. तोंडाला जाळी बांधून सुरुवात करू. रोज थोडं थोडं. महिना लागेल."

साहेब म्हणाले, "शिकवा ना. मी कुठे नको म्हणतोय? पण चूक तुमची आहे, ती निस्तरायला तुम्ही येताय. तेव्हा येण्याजाण्याचं एक अक्षर काढायचं नाही."

शेडमधून भोपळ्याचा आवाज आला. ताईचा हात माझ्यावर आला. दाबले, सोडले. मला आतून कळले की आता 'बरं' येणार. कुत्रा वाचेल, म्हातारा उठेल, आणि ही बाई महिनाभर पदरचे पेट्रोल घालून दुसऱ्याच्या तत्त्वाची हमाली करेल. आणि तिला नाही म्हणणेही सोपे नव्हते, कारण नाही म्हटले की उद्या गाडी निघणार होती. मी तिला दोष देऊ शकले नाही. फक्त मला उलटी आल्यासारखे झाले, आणि पोटात तर काहीच नव्हते.

"घंटा कोण वाजवणार?" व्यायामवाल्या बाईंनी विचारले.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"नाही, शिकवायचं म्हणजे दारात कोणीतरी यायला हवं ना? त्याचा राग माझ्यावर. पाणीवाला येऊन काय उपयोग?"

"तुम्हीच लागाल," ताई म्हणाली. "तुमच्याशिवाय नाही होणार. पण आता मी तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू?"

"मी येते. भीती वाटते, पण येते. नानांचा पाय आता कुठे वाकायला लागलाय, तो अर्ध्यावर टाकवत नाही." त्या साहेबांकडे वळल्या. "पण साहेब, मी दोन बस बदलून येते. यायचे कधी तुम्ही विचारले नाहीत, मीही कधी बोलले नाही. आता बोलते. यांचे द्या आणि माझेही द्या."

साहेब हसले, पण हसू नीट जमले नाही. "वा! युनियन काढलीत का दोघींनी?"

"हात माझा फाटलाय, साहेब. युनियन कसली?"

ताईचा हात माझ्यावरून उचलला गेला. मी हे माझ्या अंगाने सांगते. बोलायच्या आधी तो हात उचलला गेला, आणि इतकी वर्षे तिच्या कमरेला राहून हे मी पहिल्यांदाच अनुभवत होते.

"येण्याजाण्याचे वेगळे पडतील," ती म्हणाली. "दोघींचे. आणि कुत्रा कुठेही जाणार नाही. तो गेला तर मग शिकवायचं काही राहतच नाही."

नाना भिंतीकडेच बघत म्हणाले, "ऐकलंस ना?" कोणाला म्हणाले ते कळले नाही.

साहेबांनी फोन खिशात टाकला. "सोमवारपर्यंत कळवतो," ते म्हणाले.

परत येताना ताई पुलावर थांबली नाही, रडली नाही, काही नाही. घरी येऊन तिने मला पुन्हा दोरीवर टाकले. नवऱ्याने विचारले, काय झाले. ती म्हणाली, "मागितले." तो म्हणाला, "आणि?" ती म्हणाली, "आणि काय? मागितले."

मित्रांनो, एका वास मारणाऱ्या पिशवीने तुम्हाला काय शिकवावे? तरी सांगते, कारण तुम्हीही एक दिवस घरात कुत्रे आणाल. आणाल तेव्हा त्याच्यासाठी तुमच्या दाराशी येणाऱ्या माणसाचा रस्ताही तुम्ही आणलात असे समजा. तो रस्ता आपोआप चालला जात नाही. कोणाचे तरी पाय, कोणाचे तरी पेट्रोल, कोणाच्या तरी दोन बस त्याच्यावर झिजतात. त्याचे मोल द्यायचे नसेल तर सरळ नाही म्हणा, आम्ही दुसरे दार बघू. पण प्रेमाचे, ओळखीचे, तत्त्वाचे कारण पुढे करू नका. माझ्या पोटातला वास साबणाने जातो. त्या कारणांचा जात नाही. आणि हो, जमले तर माझ्यासारखीला महिन्यातून एकदा धुवून उन्हात टाका. रेक्झिन भेगाळले की मग उपाय नसतो.

सोमवारी फोन आला नाही. आज मंगळवार. व्यायामवाल्या बाईंची पट्टी अजून आहे. त्या दिवसापासून नानांना कोणी उठवलेले नाही, आणि त्यांचा पाय पुन्हा आखडू लागल्याचे वहिनींनी मेहुणीला आणि मेहुणीने ताईला सांगितले. भोपळा गाडीच्या शेडमध्ये बांधलेला आहे. गाडी बाहेर फाटकापाशी, तोंड रस्त्याकडे करून उभी आहे.

दुपारी साहेबांचा निरोप आला. ताईने तो व्यायामवाल्या बाईंना फोन लावून मोठ्याने वाचून दाखवला, म्हणून मला ठाऊक आहे. 'कालव्याकाठच्या कच्च्या रस्त्याने आलात तर अंतर बरंच कमी पडतं असं कळतं. ते धरून, दोघींचं मिळून शेवटचं काय ते सांगा. तोवर कुत्र्याचं थांबवतो.'

पलीकडून बाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आले नाही. ताईने फोन पालथा ठेवला. उत्तर अजून गेलेले नाही.